मराठी फाइल कन्व्हर्ट केली की दर वेळी कचरा निघते: पॅनडॉक, आयकॉन्व्ह, पीडीएफ-टू-टेक्स्ट वापरणाऱ्यांसाठी

लक्षण सगळ्यांचं एकच असते. मराठी फाइल आली, कमांड लाइनवर कन्व्हर्ट केली, अन् बाहेर आले चौकोनी डबे, नाहीतर प्रश्नचिन्हं, नाहीतर ते टोप्या घातलेले इंग्रजी ए, नाहीतर कमांड मधातच थांबते अन् म्हणते इनव्हॅलिड यूटीएफ-८ स्ट्रीम. आमच्या नागपुरात महालातले डीटीपीवाले, गांधीबागेतले छोटे प्रेस, सिव्हिल लाईन्सला कोर्टाजवळ बसणारे टायपिस्ट, सगळ्यांच्या फाइली फिरून फिरून माझ्याकडे येतात अन् प्रश्न ठरलेला, "भाऊ, मागच्या वेळची कमांड जशीच्या तशी चालवली, या वेळी काहून नाही चालली?" तर मागच्या वेळी रोग वेगळा होता म्हणून. ताप सगळ्यांना सारखाच येते, पण मलेरियाची गोळी टायफॉइडला चालत नाही, तसलंच आहे हे.

पॅनडॉक फाइलीचा फॉरमॅट बदलते, आयकॉन्व्ह एन्कोडिंग बदलते, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत (यूटीएफ-८, यूटीएफ-१६ वगैरे), अन् पीडीएफ-टू-टेक्स्ट पीडीएफमधला मजकूर काढते. ही सगळी टूल्स तुमच्या फाइलमध्ये डोकावून पाहत नाहीत, तुम्ही जे सांगाल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तुम्ही म्हणाल ही यूटीएफ-१६ आहे तर ते म्हणतात असेल बा. म्हणून आधी फाइल नेमकी काय आहे ते आपण पाहायचं अन् मग कमांड. खाली कमांडींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहून राहिलो आहे, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा. मी उबंटू वापरतो, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घ्या, त्यात सगळं सारखंच चालते.

सगळ्यात आधी ही एक कमांड:

हेड -सी ३२ फाइल.टीएक्सटी | एक्सएक्सडी

फाइलचे पहिले ३२ बाइट हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ अन् ए ते एफ अशा आकड्यांत दिसतात. त्यात ई-शून्य ए-चार, ई-शून्य ए-पाच अशा जोड्या परत परत दिसल्या तर तुमची फाइल सरळसाधी यूटीएफ-८ मराठी आहे, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते अन् त्याची सुरुवात अशीच होते. सुरुवातीलाच एफएफ एफई दिसलं अन् पुढे दर दुसरा बाइट ०९ असला तर ती यूटीएफ-१६, जुन्या नोटपॅडमध्ये 'युनिकोड' म्हणून सेव्ह केलेली. ईएफ बीबी बीएफ दिसलं तर यूटीएफ-८च आहे पण पुढे बीओएम (एन्कोडिंगची खूण म्हणून ठेवलेले हेच तीन न दिसणारे बाइट) चिकटलेला आहे, त्याचं खाली सांगतो. अन् हे काहीच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं दिसून राहिली, तर तो जुन्या फॉन्टचा मामला आहे, तिथे आयकॉन्व्हचा काही उपयोग नाही. 'फाइल -आय' नावाची कमांडही हेच सांगते पण ती अंदाज करते, कधी कधी अंदाज चुकते, मी दोन्ही पाहतो.

आता एकेक रोग घेऊ.

पॅनडॉकला फक्त यूटीएफ-८ कळते. बर्कलीतल्या जॉन मॅकफार्लेन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्रोफेसरांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे टूल, चाळीसच्या वर फॉरमॅट येतात त्याला, पण इनपुटचं एन्कोडिंग बदलायचा ऑप्शन त्याच्यात नाहीच, मॅन्युअलमध्येच लिहिलं आहे की दुसरं एन्कोडिंग असलं तर आयकॉन्व्हमधून काढून आणा. म्हणजे यूटीएफ-१६ वाली फाइल असली तर:

आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-१६ -टी यूटीएफ-८ जुनी.टीएक्सटी > नवी.टीएक्सटी

इथे दोन खड्डे आहेत. एक, बाणाच्या दोन्ही बाजूला एकच नाव देऊ नका, शेल आधी ती फाइल रिकामी करते अन् मग आयकॉन्व्हला वाचायला देते, शून्य बाइटची फाइल हातात येते अन् बॅकअप नसला तर संपलं. दोन, 'इल्लीगल इनपुट सीक्वेन्स' आलं की इंटरनेटवरचे शहाणे लोक सांगतात -सी लावा किंवा इग्नोर लावा. लागते ना ते, कमांड गुपचूप चालते, कारण जे समजलं नाही ते ती गाळून टाकते! तुमच्या स्मरणिकेतून कुणाचं तरी आडनाव अर्धं गायब झालं अन् कळलं छापून आल्यावर, तर भांडण प्रेसवाल्याशी होते, आयकॉन्व्हशी नाही. -सी मी कधीच लावत नाही. एररमध्ये पोझिशनचा आकडा असते, त्या जागचे बाइट एक्सएक्सडीने पाहायचे, कारण तिथेच सापडते.

टोप्यावाले ए दिसले म्हणजे काय, तर यूटीएफ-८ फाइल कुणीतरी विंडोज-१२५२ (विंडोजचं जुनं इंग्रजी-युरोपीय एन्कोडिंग, कमांडमध्ये सीपी१२५२) समजून उघडली अन् तशीच परत सेव्ह केली. आता ती फाइल खरोखरच यूटीएफ-८ आहे, पण तिच्यात मराठी नाही, मराठीच्या बाइटांची इंग्रजी चित्रं आहेत. सगळे म्हणतात की उलटं फिरवा, आयकॉन्व्ह -एफ यूटीएफ-८ -टी सीपी१२५२. इंग्रजी, फ्रेंचला हे चालूनही जाते. मराठीत मात्र हमखास अडते, अन् का अडते ते बरेच जण शोधत बसतात. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० अन् ९डी हे पाच बाइट मोकळे आहेत, त्यांना कोणतंच अक्षर दिलेलं नाही. अन् आपल्या नशिबाने हलन्ताचा शेवटचा बाइट आहे ८डी, ऱ्हस्व उकाराचा अन् चंद्रबिंदूचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे एकूण एक जोडाक्षर अन् एकूण एक पहिला उकार या भोकात पडते, जोडाक्षर नसलेलं मराठी पान दाखवा मला. तर आयकॉन्व्हचा नाद सोडा, पायथॉनची एफटीएफवाय नावाची लायब्ररी आहे, तिची स्वतःची कमांडही आहे, ती हे पाच बाइट आपल्या अंगावर घेऊन उलटं फिरवते. फक्त मधल्या कुठल्या सॉफ्टवेअरने ते बाइट आधीच खाऊन टाकले असले किंवा त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं असलं तर मग माणसाने बसून दुरुस्त करायचं किंवा मूळ फाइल मागायची. मी मूळ फाइलच मागतो.

आता जुने फॉन्ट. आपल्याकडच्या कटकटींपैकी मोठी कटकट हीच आहे, कारण नागपुरात हिंदी-मराठी दोन्हीचं टायपिंग एकाच टेबलावर चालते अन् कृती देव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख असले फॉन्ट वापरून टाइप केलेल्या वीस वीस वर्षांच्या फाइली लोकांकडे पडून आहेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्याच्या आधी छोट्या प्रकाशकांना जुन्या पुस्तिका परत काढायच्या असतात, तेव्हा या फाइली बाहेर येतात, अन् "वर्डमध्ये तर मराठीच दिसते" असं ते म्हणतात अन् खोटं नाही म्हणत. दिसते मराठीच, आत इंग्रजी आहे. कृती देवमध्ये 'नागपूर' लिहिलं असलं तर फाइलमध्ये खरोखर साठवलेलं असते यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे, बाकी काम फॉन्ट करते, तो यू च्या जागी न चं चित्र काढते. त्यामुळे आयकॉन्व्हच्या हिशोबाने या फाइलीत काहीच बिघाड नाही, पॅनडॉकच्या हिशोबानेही नाही, दोघंही खुशीने कन्व्हर्ट करतात अन् हातात येते यूकेएक्सआयडब्ल्यूजे.

यावर एन्कोडिंगची नाही, अक्षरबदलाची गरज आहे, म्हणजे त्या फॉन्टचा तक्ता घेऊन एकेक चिन्ह बदलायचं. तक्ते अन् तयार कन्व्हर्टर इंटरनेटवर मिळतात, स्वतः सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) लिहिलं तरी जमते, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लांब जोड्या आधी बदला अन् एकेरी चिन्हं नंतर, कारण ध सारखं अक्षर दोन चिन्हांनी बनलेलं असते अन् त्यातलं एक चिन्ह एकटं काना असते, काना आधी बदलला की ध कायमचा तुटला. पहिली वेलांटी टायपिंगमध्ये अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर, तर तिला उचलून पुढच्या पूर्ण व्यंजनानंतर न्या, अन् पुढे जोडाक्षर असलं तर सबंध जोडाक्षराच्या पलीकडे. रफार याच्या उलट, टायपिंगमध्ये शेवटी येते, युनिकोडमध्ये र अन् हलन्त सगळ्यात आधी, मधली मात्रासुद्धा ओलांडून मागे न्यायचा. इंटरनेटवरचे फुकटचे कन्व्हर्टर वेलांटीचं बरोबर करतात अन् रफारात अडखळतात, म्हणून तपासताना 'मार्गांनी', 'कार्यकर्त्यांच्या', 'निर्मिती' असले शब्द टाकून पाहा.

अन् खरी गोम पुढेच आहे. कागदपत्रात मधामधात इंग्रजी असतेच, कायद्याची कलमं, कंपनीचं नाव, ईमेल पत्ता. वर्डमधून साधा टेक्स्ट काढला की कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता ही माहितीच जाते, मग कन्व्हर्टर इंग्रजी शब्दांचंही मराठी करून ठेवते अन् 'सेक्शन' च्या जागी भलतंच काहीतरी निघते. पॅनडॉकही इथे मदतीला येत नाही, त्याला शीर्षक, परिच्छेद, ठळक, तिरपं एवढंच कळते, फॉन्टचं नाव तो वाचतानाच सोडून देते. इनपुट फॉरमॅट म्हणून डॉक्सएक्स+स्टाइल्स लावलं तर कस्टम स्टाइलची नावं राहतात, पण टायपिस्टने वरून फॉन्ट निवडला असते, स्टाइल कुणी बनवते इथे? म्हणून क्रम उलटा करायचा: आधी डॉक्सएक्स असतानाच आतला मजकूर युनिकोड करायचा, मग पॅनडॉककडे द्यायचा. डॉक्सएक्स म्हणजे शेवटी एक झिप असते, आत एक्सएमएल, प्रत्येक तुकड्याला म्हणजे रनला फॉन्टचं नाव लावलेलं असते. पायथॉन-डॉक्सएक्स नावाच्या लायब्ररीने एकेक रन पाहायचा, फॉन्ट कृती देव असला तर बदलायचा, नसला तर हात लावायचा नाही. दोन अडचणी येतात. फॉन्टचं नाव रनवर नसून वरच्या स्टाइलवर असते तेव्हा पायथॉन-डॉक्सएक्स 'नन', म्हणजे काहीच नाही, म्हणते, मग परिच्छेदाची स्टाइल पाहावी लागते. अन् वर्ड एकाच शब्दाचे विनाकारण दोन-तीन रन करून ठेवते, वेलांटी एका रनमध्ये अन् अक्षर दुसऱ्यात, तर सारख्या फॉन्टचे शेजारी रन आधी जोडून घ्या अन् मग तक्ता चालवा. हे जोडणं ज्याने केलं नाही त्याच्या फाइलीत वेलांट्या हवेत लटकतात, दर वेळी.

पेजमेकरवाल्यांसाठी वेगळं काय सांगू, लिब्रऑफिस पेजमेकरची फाइल उघडायचा प्रयत्न करते पण पानाची मांडणी कशी येईल याचा भरवसा धरू नका. कुणाकडे अजून जुनं मशीन चालू असलं तर त्याच्यावरून आरटीएफ काढून घ्या अन् मग वरचंच सगळं.

जुनी .डॉक फाइल पॅनडॉक वाचतच नाही, त्याला डॉक्सएक्सच लागते, तेव्हा आधी लिब्रऑफिस:

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू डॉक्सएक्स --आउटडिर बाहेर *.डॉक

आता ही कमांड कधी चालते अन् कधी काहीच न बोलता परत येते, फाइल नाही, एरर नाही. बऱ्याचदा कारण एवढंच असते की तुम्ही लिब्रऑफिस दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवलं आहे, दोघं एकाच प्रोफाइलसाठी भांडतात. प्रत्येक वेळी वेगळं प्रोफाइल द्या, -एन्व्ह:यूजरइन्स्टॉलेशन मध्ये टेम्पमधल्या कुठल्याही नव्या फोल्डरचा फाइल-यूआरएल पत्ता द्यायचा, भांडण मिटते. अन् एक्झिट कोडवर (काम झालं की नाही ते सांगणारा कमांडचा आकडा) भरवसा ठेवून लूप लिहू नका, बाहेरची फाइल खरंच बनली का ते पाहूनच पुढे जा. फाइलींच्या नावात स्पेस असतेच आपल्याकडे, 'अर्ज नवीन फायनल २ खरा.डॉक', तर व्हेरिएबलभोवती अवतरण चिन्हं लावायला विसरू नका.

एक्सेलचं थोडक्यात. लिब्रऑफिस सीएसव्ही काढताना पहिलीच शीट काढते, बाकीच्या गुपचूप सोडते. कळमन्याच्या संत्र्यांच्या भावाची एक वर्कबुक होती, दर महिन्याची एक शीट, अन् लोक म्हणून राहिले फक्त जानेवारीच येते. ७.२ पासून सीएसव्हीच्या फिल्टर ऑप्शनमध्ये बाराव्या जागी उणे एक दिलं की सगळ्या शीटांच्या वेगळ्या फाइली निघतात, तिसऱ्या जागी ७६ म्हणजे यूटीएफ-८, ते टाकायचंच. अन् बीओएमची गंमत अशी की एक्सेलला तो हवा असते, नसला तर डबल क्लिक केल्यावर मराठीचे टोप्यावाले ए करते, अन् तुमच्या स्क्रिप्टला तो नको असते, असला तर पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही अन् डोळ्याला तर काहीच फरक दिसत नाही. एक्सेलला द्यायची फाइल वेगळी, स्क्रिप्टला वेगळी, एकच फाइल दोघांना देऊ नका.

पीडीएफ. पॅनडॉक पीडीएफ बनवते, वाचत नाही, हे लोकांना दर वेळी नव्याने सांगावं लागते. वाचायला पॉपलर नावाच्या टूल्सच्या संचातलं पीडीएफ-टू-टेक्स्ट, पण त्याच्या आधी पीडीएफफॉन्ट्स चालवा. त्यात 'यूएनआय' नावाचा कॉलम आहे, तिथे नो असलं तर त्या फॉन्टसोबत अक्षरांचा युनिकोड नकाशा नाही, टेक्स्ट नीट निघायची आशा सोडा. येस असलं तरी मराठीत पूर्ण खात्री नाही, कारण पीडीएफमध्ये अक्षरं नाही, आकार ठेवलेले असतात, अन् आकार कागदावर दिसतात त्या क्रमाने, म्हणजे वेलांटी परत आधी येऊन बसते अन् जोडाक्षराच्या एका आकाराला कोणते तीन कोड द्यायचे हे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. अन् पीडीएफफॉन्ट्सने रिकामी यादी दाखवली तर ते पान म्हणजे बहुतेक नुसता फोटो आहे, पीडीएफ-टू-टेक्स्टने रिकामी पानंच येतील.

अशा वेळी मी वेळ घालवत नाही, सरळ ओसीआर करतो, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून घेतो. नकाशा बिघडलेल्या पीडीएफलाही ओसीआरच करतो, कारण दोनशे पानांच्या वेलांट्या जागेवर आणण्यापेक्षा ते लवकर होते. पीडीएफ-टू-पीपीएमने ३०० डीपीआयवर पानांची चित्रं काढायची अन् टेसरॅक्ट नावाच्या ओसीआर टूलला -एल एमएआर+ईएनजी देऊन वाचायला लावायचं. मराठीचा डेटा वेगळा इन्स्टॉल करावा लागते, अन् उबंटूसोबत जो येते तो हलका अन् फास्ट असते, नीट हवं असलं तर टेसडेटा-बेस्ट मधली फाइल आणून टाका, वेळ जास्त लागते. मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉपवर चारशे पानं लावू नका, रात्री लावा, पंखा तरी ऐकू येणार नाही. दोन कॉलमचा जुना अंक असला तर पीएसएम (पानाची मांडणी सांगणारा ऑप्शन) ६ देऊ नका, तो सगळं पान एक ठोकळा समजून दोन्ही कॉलमच्या ओळी आडव्या जोडून टाकते, डिफॉल्ट ३ च राहू द्या.

उलट दिशेने, म्हणजे मराठी मार्कडाउनमधून पीडीएफ बनवताना, पॅनडॉक डिफॉल्टला पीडीएफलाटेक (टेक्स नावाच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरचं एक इंजिन) वापरते अन् ते पहिल्या मराठी अक्षरालाच अडते. --पीडीएफ-इंजिन मध्ये झीलाटेक द्या अन् मेनफॉन्टमध्ये मशीनवर असलेला देवनागरी फॉन्ट, कोणते आहेत ते एफसी-लिस्ट :लँग=एमआर सांगते. इथवर सगळ्यांना माहीत असते, तरी लोक म्हणतात जोडाक्षरं तुटून राहिली, हलन्त वेगळे दिसून राहिले. मेनफॉन्टऑप्शन्समध्ये स्क्रिप्ट=देवनागरी दिलं नाही म्हणून, ते नसलं की झीलाटेक अक्षरं नुसती शेजारी शेजारी मांडते, जुळवत नाही. लुआलाटेक वापरत असाल तर रेंडरर=हार्फबझ पण लागते. अन् टेक्सचं एवढं मोठं इन्स्टॉलेशन करायचं नसलं तर इंजिन म्हणून वीझीप्रिंट द्या, त्यात जोडाक्षरं आपोआप नीट येतात, मांडणी सीएसएसने करायची. साध्या पत्रासाठी, अर्जासाठी मला तेच बरं वाटते.

आता ज्या चुका टूल्स सांगतच नाहीत त्या. एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवणारी टीआर कमांड बाइटवर चालते, तिला मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करायला सांगितलं की ती तीन-तीन बाइटांची खिचडी करते. त्यासाठी सेडचं वाय वापरा, त्याला अक्षरं कळतात. कट -सी पण अजून बऱ्याच मशीनवर बाइटच मोजते, दहा अक्षरं मागितली तर सव्वातीन मिळतात. स्प्लिट -बी अक्षराच्या मधातून कापते, -एल ने ओळींवर कापा. उबंटूवर ऑक (ओळी-कॉलमांवर काम करणारी कमांड) म्हटलं की बहुतेक वेळा तिचा मॉक नावाचा अवतार चालते, त्याला 'नागपूर' ची लांबी विचारली तर १८ सांगते, गॉक नावाचा दुसरा अवतार ६ सांगते, अन् आपल्याला तर चारच अक्षरं दिसतात, तर कॉलम सरळ रेषेत आणायचा नाद टर्मिनलमध्ये करूच नका.

सेडचं वाय दिवसा चालते अन् रात्री क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) 'स्ट्रिंग्ज आर डिफरंट लेंग्थ्स' म्हणून पडते, हा प्रश्नही फिरून फिरून येते. क्रॉनला बऱ्याचदा तुमची भाषेची सेटिंग मिळत नाही, मग तो साध्या सी लोकेलमध्ये (भाषा न ठरवलेली मूळ सेटिंग) चालते, तिथे सेडही बाइट मोजते, एका बाजूला ३० अन् दुसऱ्या बाजूला १०. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ एक्स्पोर्ट करा.

अन् आता आपल्या भाषेची खास गोष्ट, इथे थोडं थांबून वाचा. 'शेतकऱ्यांच्या' मधला तो अर्धा ऱ दोन तऱ्हेने साठवता येते. एक, नुक्त्याचा वेगळा ऱ घेऊन त्याला हलन्त. दोन, साधा र, हलन्त अन् मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, अन् ग्रेपसाठी (मजकूर शोधणारी कमांड) दोन वेगळे शब्द, म्हणून अर्ध्या फाइलींत 'शेतकऱ्यांच्या' सापडते अन् अर्ध्यांत नाही. यूकॉन्व्ह नावाच्या कमांडने एनएफसी (दोन तऱ्हेने साठवलेली अक्षरं एकसारखी करायची युनिकोडची ठरलेली रीत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. याच्याहून वाईट म्हणजे कुठूनतरी उचललेली साफसफाईची स्क्रिप्ट, जी न दिसणारी अक्षरं सगळी काढून टाकते. झेडडब्ल्यूजे गेला की उरलं साधं र, हलन्त, य, अन् त्याचा होते रफार. डोंगरातल्या दऱ्या समुद्राचा दर्या होऊन जातात अन् स्पेलचेकही काही म्हणत नाही कारण दर्या हाही शब्द बरोबरच आहे. म्हणून साफसफाईच्या आधी सेडने र-हलन्त-झेडडब्ल्यूजे ही तिघांची जोडी ऱ-हलन्तमध्ये बदलून घ्या, मग बाकी काय काढायचं ते काढा. तसंच ॲ. युनिकोडमध्ये तो २००८ मध्ये आला, त्याच्या आधीच्या फाइलींत, अन् काही कीबोर्डांवर आजही, अ अन् वर चंद्र असे दोन कोड असतात. कोर्टाच्या कामात 'ॲड.' शोधायचं असते, तिथे अर्धे वकील यादीतून गळतात. हाही बदल सेडनेच, एनएफसी याला हात लावत नाही.

कन्व्हर्ट झाल्यावर मी न वाचता तीन ग्रेप चालवतो. पहिला, यू+एफएफएफडी, म्हणजे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, काहीतरी वाचता आलं नाही याची खूण. दुसरा, प्रायव्हेट यूज एरिया, यू+ई००० ते यू+एफ८एफएफ, पीडीएफमधून आलेल्या फॉन्टच्या खासगी आकारांसाठी. तिसरा, शब्दाच्या सुरुवातीलाच मात्रा किंवा हलन्त:

ग्रेप -एनपी '(^| )[ा-्]' नवी.टीएक्सटी

मराठीत कोणताच शब्द मात्रेने सुरू होत नाही, तेव्हा इथे जे सापडेल ते हमखास बिघडलेलं, बहुतेक वेळा वेलांटीचा क्रम चुकलेला. रफार चुकलेला मात्र यात सापडत नाही, त्याच्यासाठी वरचे 'कार्यकर्त्यांच्या' वाले शब्द डोळ्याने पाहावे लागतात. तिन्हींतून काही आलं नाही तर फाइल प्रेसला जाते, आलं तर -एन मुळे ओळीचा नंबर सोबतच असते, मूळ फाइल शेजारी उघडून तेवढ्याच ओळी पाहायच्या, अन् पन्नासच्या वर ओळी निघाल्या तर हाताने दुरुस्त करत बसू नका, मागे जाऊन एक्सएक्सडीपासून परत सुरू करा, रोग ओळखण्यातच गडबड झालेली असते.